रातवा, गोधडी आणि नानांचा टेप

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. स्वयंपाकघरात दारामागे टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते साठत जातात. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी. एक ओढायला जावं तर सगळ्याच अंगावर येतात. आमच्या रविवारच्या कंपूचं तसंच झालंय. कुणी नुसतं "तो कॅमेरा..." म्हणायचा अवकाश, बाकीचे चहाचे कप खाली ठेवतात. आणि प्रत्येक किश्श्यात मी कुठे ना कुठे दचकलेली असतेच. म्हणून म्हटलं, दुसऱ्यांनी सांगण्यापेक्षा आपणच सांगावं. निदान दचकणं जरा बेताचं राहील.

कंपू म्हणजे आम्ही चौघं. नाना हे आमचे पुढारी. मोजणी खात्यातून रिटायर झालेले, पण खिशातला स्टीलचा टेप काही रिटायर झाला नव्हता. अक्का ही नानांची थोरली बहीण. साऱ्या जळगावात नानांना "तू गप रे" म्हणू शकणारी एकटीच. भाऊ धुळ्याचे, फोटो स्टुडिओवाले. लग्नसराई नसली की एस.टी. पकडून रविवारी हजर. आणि चौथी मी, शुभा, राहणार पिंप्राळा. एम.एस्सी. बॉटनी झालेली, नोकरी बघत असलेली आणि शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्टीलाही उडणारी.

पक्षी, किडे, फुलं बघत आम्ही रविवारभर भटकायचो. बघून घरी यायचो. फोटो वगैरे भानगड नव्हती. तोवर सगळं बरं चाललं होतं.

*

शतक संपायला आलं होतं तेव्हाची गोष्ट. नानांनी अमेरिकेतल्या मुलाकडे दुर्बीण मागितली होती. मुलगा कॅमेरा घेऊन आला. डिजिटल! त्याला रोल लागत नव्हता, फ्लॉपी लागायची. फोटो काढला की आतून "घर्रर्र" असा आवाज यायचा आणि फोटो फ्लॉपीवर चढायचा. मुलगा दोन दिवस राहून परत गेला आणि कॅमेरा आमच्या गळ्यात पडला.

पहिल्या रविवारी भाऊंनी तो हातात घेतला. फोटोग्राफरचा हात सवयीने जिथे जातो तिथे गेला. त्यांनी लेन्स धरून पिळली. ती हलली नाही. त्यांनी आणखी जोर लावला. आतून काहीतरी "कट्" वाजलं आणि कॅमेऱ्याआधी मी ओरडले.

"ही निघत नाही?" भाऊंनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, ती बसवलेलीच आहे, पुस्तिकेत तसं लिहिलंय. भाऊंनी कॅमेरा अलगद सतरंजीवर ठेवला.

"लेन्स निघत नाही तो कॅमेरा नाही, शुभा. तो रेडिओ आहे."

त्या दिवसापासून दर रविवारी धुळ्याच्या गाडीतून उतरल्या उतरल्या भाऊंचा पहिला प्रश्न असायचा, "रेडिओ आणला का?" आणि पुस्तिका मी वाचलीय हे सगळ्यांना कळल्यामुळे रेडिओ कायमचा माझ्याकडे आला.

*

त्या कॅमेऱ्याला आपोआप फोकस करता यायचं. तेच त्याचं दुखणं होतं.

खान्देशात पक्षी कुठे बसतो? बाभळीवर. बाभळीला काय असतं? काटे. समोर वेडा राघू मान वाकडी करून उभा, आणि कॅमेऱ्याचं सगळं लक्ष अलीकडच्या काट्यावर. काटा असा स्वच्छ यायचा की बोटाला टोचेल, आणि मागे हिरवा धुरळा. महिनाभरात आमच्याकडे बाभळीच्या काट्यांचा जो संग्रह झाला, तसा कृषी विद्यापीठातही नसेल. भाऊ प्रत्येक काटा बघून म्हणायचे, वा, रेडिओवर काय खरखर ऐकू येतेय!

शेवटी मी पुस्तिकेचं मागचं प्रकरण उघडलं. फोकस हाताने करायची सोय होती. पण भाऊंच्या कॅमेऱ्यासारखी रिंग फिरवायची नाही. एक बटण दाबायचं, की पडद्यावर अंतरं येतात. अर्धा मीटर, एक मीटर, दोन मीटर, पाच मीटर. पक्षी जितक्या अंतरावर असेल तो आकडा निवडायचा. म्हणजे फोटो काढण्याआधी पक्षी किती लांब आहे ते नक्की ठाऊक पाहिजे.

मी हे वाचून दाखवलं आणि नानांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही नव्हतं. त्यांनी खिशातून टेप काढला. सरकारने त्यांना जन्मभर जे शिकवलं होतं, त्याचा अखेर निसर्गाला उपयोग होणार होता.

*

आता आडव्या आठाचं सांगते. पाच मीटरच्या पुढे पडद्यावर एक चिन्ह यायचं, आडवा पडलेला आठ. म्हणजे अनंत, लांबचं सगळं. हे मला माहीत होतं. पण त्या रविवारी मला ताप होता आणि नाना माझ्याशिवाय गेले.

नानांनी विचार केला, पाचनंतर आठ. आकडा आडवा आलाय तो परदेशी आहे म्हणून. मग त्यांनी दिवसभर प्रत्येक झाड, प्रत्येक पक्षी बरोब्बर आठ मीटरवरून धरला. अक्का सांगते, टेपचं टोक घेऊन ती एका टिटवीमागे एवढी फिरली की टिटवीलाच तिची दया आली.

मी सोमवारी फ्लॉपी बघितली. सगळे फोटो स्वच्छ! आडव्या आठावर ठेवला की तो चिमुकला कॅमेरा आठ मीटरवरचंही नीट टिपायचा, इतकंच. मी नानांना अनंताचा अर्थ समजावून सांगितला. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले, "पण मोजून आठ भरलं होतं."

त्यानंतर भाऊ बायकोला घरी परत यायची वेळ सांगतानाही हवेत आडवा आठ काढतात म्हणे.

*

दुसरी अडचण उन्हाची. चैत्रातल्या उन्हात त्या पडद्यावर आपलंच तोंड दिसायचं, आकडा दिसायचा नाही. अक्काने उपाय काढला, गोधडी. डोक्यावरून गोधडी घ्यायची, आत अंधार करायचा आणि पडदा बघायचा. जळगावच्या उन्हाळ्यात! गोधडीखाली मी, वर ऊन, शेजारी टेप धरून नाना. येणारी-जाणारी माणसं सायकलवरून उतरून बघायची. एका बाईने अक्काला हळूच विचारलं, पोरीला कुठला वारा लागलाय.

खरी अडचण मात्र मी होते. हाताने फोकस एकदा ठरवला की पुढे-मागे हलायचं नाही. वीतभर सरकलं की गेलं. आणि माझा तर जन्मच सरकण्यात गेलेला.

नशिराबादच्या बाजूला एका पाटाच्या कडेला चतुर, तो लांब शेपटीचा किडा, बसला होता. नानांनी अर्धा मीटर मोजून दिला. मी गोधडीत. आकडा लावला, श्वास धरला. तेवढ्यात मागून माझ्या मानेवर कुणीतरी गरम फुंकर मारली. ती म्हैस होती हे मला नंतर सांगण्यात आलं.

मी किंचाळले, उडाले, बटण दाबलं गेलं. कॅमेरा माझ्या पायाकडे वळला होता, आणि माझा पाय तेव्हा नेमका अर्ध्या मीटरवर होता. आमच्या कंपूचा पहिला खराखुरा शार्प फोटो माझ्या डाव्या चपलेचा आहे. अंगठ्याजवळचं शिवलेलं सुद्धा दिसतं.

*

आणि मग रातवा सापडला.

धरणगावच्या अलीकडे आबा म्हणून एका शेतकऱ्याचं कापसाचं वावर आहे. त्याच्या टोकाला एक मुरमाड पडीक तुकडा होता. तिथून जाताना नानांच्या पायापासून वाळक्या पाल्याचा एक ढीगच उडाला. मी ओरडले, ते सांगायला नकोच. ढीग थोड्या अंतरावर जाऊन बसला आणि पुन्हा पाला झाला. तो रातवा होता. संध्याकाळी उडून किडे खाणारा, दिवसभर जमिनीवर पाल्यासारखा पडून राहणारा. तो उठला तिथे उघड्या जमिनीवर दोन अंडी होती. घरटं नाही, काडी नाही, काही नाही. नाना एकदम हळवे झाले. इतक्या वर्षांत इतक्या जमिनी मोजल्या, म्हणाले, पण जमिनीवर एवढा विश्वास टाकणारा कुणी बघितला नाही.

आम्ही आबांकडे गेलो. तिथे कळलं की आबांनी यंदा तो तुकडाही कापसाखाली घ्यायचं ठरवलं होतं. ट्रॅक्टर सांगून झाला होता. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, झाली की दुसऱ्या सकाळी नांगर.

नानांनी विनवलं, पिल्लं उडेपर्यंत तेवढा कोपरा सोडा. हा पक्षी बोंडअळीचे पतंग खातो, तुमच्याच फायद्याचा आहे. आबा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष नानांच्या खिशाकडे होतं. खिशातून टेप डोकावत होता.

त्याचं असं होतं की फार वर्षांपूर्वी आबांच्या बांधाचा वाद झाला, तेव्हा मोजणीला नानाच आले होते. मोजणीत बांधालगतची पट्टी शेजाऱ्याकडे गेली आणि पट्टीबरोबर आंब्याचं झाडही गेलं. शेजारी भला माणूस. दर उन्हाळ्यात त्याच झाडाच्या कैऱ्या आबांकडे पाठवतो. आबांना तेच जास्त लागतं.

तरी आबा आमच्याबरोबर आले. नानांनी लांबूनच बोट दाखवलं. जवळ जाऊ देईनात, पक्षी उठला तर उन्हात अंडी भाजतील. आबांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं, खूप वेळ पाहिलं.

"माले त दगड दिखतस," ते म्हणाले. "तवय बी तू माले दगडच दखाडा, नाना. अन् आंबा गया."

मग त्यांनी अट घातली. फोटो आणा. पक्षी माझ्या घरातल्या बठ्ठ्यांना, म्हणजे सगळ्यांना, दिसला पाहिजे. दिसला तर कोपरा सोडतो, नाही तर ट्रॅक्टर येईल. आणि निघता निघता वळून म्हणाले,

"एक ध्यानमा ठेव. तुन्हा टेप मन्हा वावरमा दिसाले नही पाहिजे."

*

टेपशिवाय फोकस कसा करायचा? भाऊ म्हणाले, रेडिओवाल्यांनी बाजूला व्हा. पुढच्या खेपेला ते धुळ्याहून आपला खरा कॅमेरा घेऊन आले. लांब लेन्स, तिकाटणं, सगळा सरंजाम. नानांनी बोट दाखवलं. भाऊंनी डोळा लावला, रिंग इकडून तिकडे, तिकडून इकडे, केसभर मागे, आणि सुस्कारा सोडला. म्हणाले, सापडला. पिसं मोजता येताहेत. अर्धा रोल संपवला.

फोटो धुऊन आबांच्या ओसरीवर आले. घरातल्या सुना, पुतणे सगळे जमले. भाऊंचा रुबाब बघून असेल, पण सगळ्यांना पक्षी दिसला. एकीला चोच दिसली, एकाला शेपूट दिसली. एक पुतण्या म्हणाला, मादी आहे. आमच्या जिवात जीव आला. शेवटी फोटो आबांकडे गेला.

"हाई गोवरी शे," आबा म्हणाले. थोडं थांबून त्यांनी पुन्हा पाहिलं. "मन्ही म्हैसनी."

भाऊंनी फोटो गोळा केले आणि धुळ्याची गाडी धरली. मात्र पुढच्या रविवारी उतरताना पहिल्यांदाच त्यांनी "कॅमेरा आणला का?" असं विचारलं.

*

टेपचा तोडगा अक्काने काढला. तिने घरी गोधडी अंथरली, नानांना मोजायला लावली आणि काठावर अर्धा, एक आणि दोन मीटरवर लाल दोऱ्याचे टाके घातले. आखाजी तोंडावर आली होती. आम्ही वावरात गेलो तेव्हा आबा बांधावर उभेच होते. गोधडी कशाला, त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, पोरीला ऊन बाधतं. ते खोटंही नव्हतं.

अक्काने गोधडी हळूहळू जमिनीवरून रातव्याच्या दिशेने सरकवली. दोन मीटरच्या लाल टाक्यापाशी मी गुडघे टेकले. मग तशीच ती मागे ओढून माझ्या डोक्यावर घातली आणि माझ्यामागे तिच्या टोकावर अक्का स्वतः बसली. म्हणजे मला मागे सरकायची सोयच उरली नाही.

आत अंधार आणि घाम. मला एकच दिसत होतं. मी दचकले तर तो उडेल, आणि उडाला तर वर सूर्य आहे आणि खाली दोन अंडी आहेत. मी आकडा दोनवर नेला. पडद्यावर नुसती खडी आणि पाला. मग त्या पाल्यात एक बारीक फट उघडली. आत काळंभोर काहीतरी चमकलं. डोळा! तो माझ्याकडे बघत होता.

मी बटण दाबलं. "घर्रर्र" झालं. तो हलला नाही. मीही हलले नाही. बाहेर आल्यावर नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच अंडं घातलंय.

कॉम्प्युटर क्लासमध्ये फ्लॉपी लावली. फोटो असा उतरला होता की खडीचा खडा न् खडा, पाल्याची शीर न् शीर, पिसांवरची रेघ न् रेघ वेगळी दिसावी. क्लासची पोरं-पोरी खुर्च्या सोडून जमली आणि विचारू लागली, कशाचा फोटो आहे? आम्ही म्हटलं, पक्ष्याचा. कुठाय?

मी बोट ठेवायला गेले आणि ठेवता येईना. सगळंच इतकं स्वच्छ की पक्षी त्यात पार विरघळून गेलेला. मला तो डोळा शोधायलाही वेळ लागला. नानांना तर मी दाखवल्यावरही दिसला नाही. ते नुसते हो हो म्हणत राहिले.

भाऊंनी चष्मा पुसला, फोटो जवळून बघितला, लांबून बघितला.

"फोटो एक नंबर आलाय, शुभा," ते म्हणाले. "पक्षी तेवढा घालायचा राहिला."

*

आखाजीच्या दिवशी आम्ही तो छापलेला फोटो घेऊन आबांकडे गेलो. घर भरलेलं. माहेरी आलेल्या लेकी अंगणात झोक्यावर, घरात पुरणाचा वास. फोटो झोक्यावरून स्वयंपाकघरात गेला, तिथून ओसरीवर आला. मी प्रत्येकीच्या मागे उभी राहून डोळा दाखवत होते. गोवरीत चोच बघणाऱ्यांना खऱ्या पक्ष्यात काहीच दिसेना. गेल्या वेळी फसले होते, त्यामुळे आता प्रत्येक जण सावध झाला होता.

आबांनी कुणाला दोष दिला नाही. आम्हाला जेवायला बसवलं, पुरणपोळी आग्रहाने वाढली. पण अट ती अटच होती. पहाटे ट्रॅक्टर येणार होता.

परतताना एस.टी.त अक्का नानांना एकदाही गप रे म्हणाली नाही.

*

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही चौघं बांधावर उभे. भाऊ रात्री जळगावलाच थांबले होते. ट्रॅक्टर वावराच्या दुसऱ्या टोकाला धडधडत होता. आबा आले. त्यांच्या हातात आमचा फोटो होता. आदल्या दिवशी तो आम्ही तिथेच विसरलो होतो.

"ती डोळानी जागा माले दखाड, पोरी," ते मला म्हणाले. आणि उत्तराची वाट न बघता सरळ पडीक तुकड्यात शिरले. नाना ओरडले, आबा, थांबा. आबा थांबेनात. नानांनी आजवर थांबवलं तेवढं पुरे झालं, अशी त्यांची चाल होती. ते फोटोत बघत, जमिनीकडे बघत, खडीवर जोडे वाजवत पुढे निघाले.

मी मागून धावले. आणि मला तो दिसला. आबांचा उजवा जोडा आणि रातव्याची शेपूट यांच्यामध्ये फार तर पोळीएवढी जागा होती. डावा पाय उचललेला होता.

"आबा, पाय तिथेच ठेवा," मी म्हटलं. किंचाळले नाही. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

आबांनी उचललेला पाय हळूच मागे टेकवला. मान खाली घातली. मग त्यांनी फोटो डोळ्यांसमोर धरला, खाली पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, पुन्हा खाली. खाली ती बारीक फट उघडली.

आबांनी फोटोची घडी केली आणि बंडीच्या खिशात घातली. पाय मात्र हलवले नाहीत.

ट्रॅक्टरवाला फेरी घेत जवळ आला. त्याने भोंगा वाजवला आणि मी जागच्या जागी उडाले. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या दिवसापुरतं तरी माझं दचकणं बंद झालं. ट्रॅक्टरवाल्याने लांबूनच विचारलं, आबा, कुठून धरू?

"बठ्ठं नांगरी टाक," आबा आवाज न चढवता म्हणाले. "मी उभा शे इतलं सोडी दे."

ट्रॅक्टरवाल्याला काही समजलं नाही. इतलं म्हणजे किती, त्याने विचारलं.

ऊन वर यायला लागलं होतं. आबा खाली बघत होते. नाना बांधावरच उभे होते, दोन्ही हात मागे, खिसा धोतराच्या सोग्याने झाकलेला.

"नाना," आबांनी मान न वळवता हाक मारली. "टेप काढ."